कॉन्टेसाचे पाटे

भातं पिवळी पडली की माझा हंगाम सुरू होतो. चार महिने पाऊस रस्ता खातो आणि मग तो रस्ता गाड्या खायला लागतो. दसऱ्याच्या सुमारास पोलादपूरला माझ्या गॅरेजसमोर रांग लागते. कुणाचा शॉकअप गळतोय, कुणाचे बुश फाटलेत, कुणाचा पाटा मोडलाय. पलीकडच्या शेतात कापणी चालू असते. कापलेल्या भाताचा तो ओलसर, गोडूस वास गाडीखाली उताणा पडलेल्या माणसापर्यंतही येतो. ग्रीसला तो झाकता येत नाही.

यंदा तो वास आला तेव्हा मी एका जीपखाली होतो. हातातला पाना जरा वेळ तसाच राहिला. पंचवीसेक वर्षं झाली असतील, पण या वासाबरोबर एक पांढरी कॉन्टेसा येते आणि ती घेऊन आलेला सुनील येतो. तो येऊ नये म्हणून काय करायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

सुनील नात्याचा. म्हणजे नाते गावचा. रक्ताचं आमचं काही नव्हतं. महाडला आयटीआयमध्ये आम्ही एका बाकावर दोन वर्षं काढली. तो खालच्या खोऱ्यातल्या जमीनवाल्या घरातला, मी पोलादपूरच्या डोंगरावरच्या धनगरवाडीतला. त्याचा डबा रोज मोठा असायचा आणि तो रोज माझ्यापुढे सरकवायचा. पुढे तो मुंबईला गेला, मी नाक्यावर पत्र्याची शेड टाकली. नव्वदीच्या शेवटच्या वर्षांतल्या एका दसऱ्याला तो ही गाडी घेऊन माझ्या दारात उभा राहिला. लांब नाक, रुंद छाती. इंजिन बंद केलं तरी ती उभी राहण्यातच ताकदवान दिसायची. तेव्हा आमच्याकडे लोक छोट्या, नव्या गाड्यांचं कौतुक करत होते. हिला बघायला मात्र चहाच्या टपरीवरची माणसं कप घेऊन उठून आली.

"सरळ रस्त्यावर राणी आहे रे," सुनील म्हणाला. "घाटात नुसती डुलते. म्हादू, तू हिला घाटाची करून दे. एकदम मख्खन."

गाडीचा दोष नव्हता. वय झालं होतं तिचं. पण त्याच्या त्या वाक्याने माझ्या आत काय झालं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. मोडलेलं जोडून द्या, एवढंच लोक गॅरेजवाल्याकडे मागतात. होतं त्याहून चांगलं करून दे, असं तोवर मला कुणीच म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही आंबेनळीला गेलो. घाटात अजून कड्यांवरून पाणी उतरत होतं, कठड्यांवर शेवाळ होतं आणि गवत नुकतं पिवळं पडू लागलं होतं. मी एका वळणावर उतरलो, कठड्याला टेकून उभा राहिलो आणि सुनीलला सांगितलं, वर जा आणि खाली ये, त्याच वेगात, पाच-सहा वेळा. दर खेपेला मी फक्त एकच गोष्ट बघत होतो: वळण घेताना बाहेरच्या बाजूचं चाक मडगार्डात किती बोटं शिरतं. पुढून तीन बोटं, मागून चार. गाडी वळायच्या आधी कलायची, मग विचार करायची, मग वळायची. आत बसलेल्याला ते पोटात कळायचं. मला ते बाहेरून दिसलं, आणि आपण ही डुल काढू शकतो असं ठामपणे वाटलं.

मग तीन आठवडे मी दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. मागच्या पाट्यांचे जुडगे सोडवले. पोलादाच्या कमानदार पट्ट्या एकावर एक बांधलेल्या असतात, त्यांना आम्ही पाटे म्हणतो. मागचं सगळं वजन त्यांच्यावर. तिचे पाटे बसून सपाट झाले होते. महाडच्या कमानवाल्याकडे नेऊन ते तापवून घेतले, पुन्हा कमान भरून घेतली. सांध्यांतले रबराचे बुश काढून टाकले आणि बिरवाडीतल्या एका लेथवाल्याकडून कडक नायलॉनचे कापून आणले. पुढे दोन्ही चाकांना जोडणारा एक आडवा दांडा असतो, गाडी एका अंगावर झुकायला लागली की तो तिला दुसऱ्या अंगाने ओढून धरतो. तो जाडा बसवला. चाकं सरळ आहेत का ते बघायला मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत सूत धरलं आणि केसाएवढा फरक जाईपर्यंत रॉड फिरवत राहिलो. बायको जेवायला हाका मारून कंटाळायची. एकदा ताट घेऊन शेडमध्येच आली आणि म्हणाली, ही गाडी आहे की सवत.

मागच्या बाजूबद्दल सुनीलचं एक म्हणणं होतं. मागून भरपूर ताकद पाहिजे, फुल लोडला सुद्धा गाडी बसता कामा नये. मी त्याला समजावलं की मागून नुसतेच पाटे वाढवले तर रिकामी गाडी टणाटण उडेल, वळणावर शेपूट टाकेल. त्यावर तो म्हणाला, उडायलाही नको आणि मागून उंचही दिसायला नको. घरची माणसं, त्यांचं सामान, सगळ्यांना घेऊन महाबळेश्वरला जायचं असतं, आणि गाडी टेम्पोसारखी दिसलेली त्याच्या वडिलांना चालायची नाही.

मला ते कोडं आवडलं. दोन दिवस डोक्यात घोळवून मी त्यावर उपाय काढला. सगळ्या पाट्यांच्या खाली एक जाड, जवळजवळ सपाट पाटा बांधला. गाडी रिकामी असली की तो नुसता पडून राहायचा, कामात यायचाच नाही. वजन आलं, वरचे पाटे दबले, की त्याची टोकं टेकायची आणि मग तो सगळं उचलून धरायचा. बाहेरून काहीच दिसायचं नाही. सुनीलने खाली वाकून बघितलं आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेचा मला किती अभिमान वाटला होता.

याच दिवसांत मी त्याला आमच्या वाडीवर नेलं. घाटातल्या चाचणीनंतर भूक लागली होती, आणि रस्त्यावरून चढायला अर्धा-पाऊण तासाचीच वाट. वाडीत धाकूकाका होता, माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील लवकर गेले, मला काकानेच वाढवलं. म्हशी, थोडी नाचणी, वरी, एवढंच त्याचं जग. पण मला हाताला धरून डोंगर उतरवून शाळेत घालणारा तोच.

काकाने सुनीलला घोंगडी अंथरली, तांब्याभर ताक दिलं, नाचणीची भाकरी आणि लसणाची चटणी वाढली. सुनीलने तीन भाकऱ्या खाल्ल्या. मुंबईला असलं मिळत नाही, म्हणाला, आणि ते खरंच होतं. वाडीच्या खाली, रस्त्याच्या बाजूला, देवाचं रान आहे. त्याच्या कडेकडेने खैराची झाडं होती, जुनी, जाड, काटेरी. त्या रानात कुणी कोयता नेत नसे. पडलेलं वाळकं लाकूडसुद्धा चुलीला आणत नसत. वर्षातून एकदा तिथे नारळ वाढवायचा मान आमच्या घराकडे, म्हणजे काकाकडे होता.

उतरताना काका आम्हाला रानापर्यंत सोडायला आला. सुनील एका खोडाशी थांबला, त्याने त्याला दोन्ही हातांनी कवळ घालून बघितली.

"काका, हे खैर कुणाचे?"

"देवाचे."

"आणि देव कुणाचा?"

"आमचा," काका हसून म्हणाला.

"म्हणजे तुमचेच की."

आम्ही तिघंही हसलो. मीसुद्धा हसलो, हे मी लिहून ठेवतो.

दिवाळी सरता सरता गाडी तयार झाली. आंबेनळीच्या माथ्यावर सुनीलने किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाला, तू उतरव. ती उतरण मी आयुष्यात विसरणार नाही. एवढी मोठी, जड गाडी, पण स्टिअरिंग फिरवलं की लगेच, न कलता, न विचार करता वळायची. खाली खोऱ्यात पिवळी खाचरं, कुठे कापलेली, कुठे उभी. वळण येत होतं आणि जात होतं आणि गाडी जणू माझं मन आधीच ओळखत होती. पोलादपूरला पोचलो तेव्हा माझे डोळे भरले होते. सुनीलने ते बघितलं आणि खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्या वेळी वाटलं, मित्र म्हणून मला सांभाळून घेतोय. आता वाटतं, त्याला माझ्याकडे बघवलं नसेल. की तसं काहीच नव्हतं आणि तो नुसताच बाहेर बघत होता? इतक्या वर्षांनंतरही मी त्याच्यासाठी एक बरं कारण शोधत असतो.

कापणी झाली, उडव्या रचल्या, खळ्यांवर झोडणी सुरू झाली. मार्गशीर्षातल्या एका सकाळी सुनील गाडी घेऊन आला. तपासून ठेव म्हणाला, आणि मागे अजून एक पाटा बसेल का तेही बघ. त्याला महाडला काम होतं, तो एसटीने गेला.

मी गाडी जॅकवर घेतली आणि खाली शिरलो. तो खालचा सपाट पाटा आधी बघितला, कारण तो माझा लाडका. त्याची दोन्ही टोकं घासून चांदीसारखी लखलखत होती. वजन फारच झालं तर शेवटचा धक्का झेलायला वर एक रबरी ठोकळा असतो, तो फाटून लोंबत होता. पाच माणसं आणि त्यांच्या बॅगा दोन महिने रोज नेल्या तरी पाटा असा घासत नाही. पाट्याला खोटं बोलता येत नाही. त्याच्यावर काय बसलं ते त्याच्या अंगावर उमटतं.

डिकी उघडली. आत नवं कार्पेट होतं. ते उचललं. पत्र्याच्या खाचेत साल अडकली होती आणि तांबूस लाकडाच्या ढलप्या. एक ढलपी उचलून मी दातांखाली धरली. तोंड तुरट झालं. पान खाणाऱ्या प्रत्येकाला ती चव माहीत असते. कात खैराचाच होतो. मागची सीट ओढली तर ती चार बोल्टांऐवजी दोनच बोल्टांवर उभी होती, झटक्यात काढता यावी म्हणून.

तरीही मी स्वतःला सांगत होतो की खैर काय कुठलेही असतील. शेड बायकोवर सोपवली, मोटारसायकल काढली, रस्त्याला लावली आणि डोंगर चढलो.

देवाच्या रानात आत शिरण्याआधीच उजेड जास्त वाटला. मग बुंधे दिसले. करवतीने कापलेले, जमिनीलगत, नीट, घाई न करता. वर माती आणि पाचोळा टाकलेला होता, पण आतला तांबडा रंग कुठेकुठे दिसत होता. मी ते मोजले नाहीत. ज्याला सुनीलने कवळ घातली होती ते झाड मात्र शोधलं. तेही नव्हतं.

काका गोठ्याच्या दारात बसला होता. मला बघून उठला नाही. कापणीच्या दिवसांत अर्धीअधिक वाडी खाली खोऱ्यात मजुरीला जाते, तेव्हा हे झालं होतं. लोक परतले तेव्हा रान उघडं पडलेलं. रस्त्याला पांढरी मोठी गाडी लागलेली दोघातिघांनी बघितली होती, आणि तीच गाडी धाकूच्या पुतण्याबरोबर आली होती हे सगळ्यांना माहीत होतं. धाकूने देवाचं रान विकलं, असं वाडी बोलत होती. त्याच्याशी कुणी बोलत मात्र नव्हतं. हे सगळं काकाने मला एका सुरात सांगितलं, जसं दुसऱ्या कुणाचं सांगावं.

"मला निरोप का नाही धाडलास?" मी विचारलं.

काकाने दाराशी पडलेली पेंढी ओढून म्हशीपुढे टाकली. मग म्हणाला, "मी खाली येनार नव्हतो. म्हटलं, तुझं तू येशील नि सांगशील."

म्हणजे महिनाभर तो माझी वाट बघत होता. मला यात वाटा आहे असं त्याला वाटलं होतं. ज्याने मला वाढवलं त्याच्या मनात हे यायला जागा झाली, ती मीच करून दिली होती. सुनीलने मला फसवलं त्याचा राग मला नंतर आला. आधी हे लागलं.

दुसऱ्या दिवशी सुनील गाडी न्यायला आला. मी पाटे खाली उतरवून शेडच्या दारात ओळीने मांडून ठेवले होते. त्याने त्यांच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नाकारलं नाही. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. घाटातल्या नाक्यावर जंगलखात्याचे लोक टेम्पो अडवतात, म्हणाला, घरच्या गाडीकडे कुणी बघत नाही. फक्त ती मागून बसलेली दिसता कामा नये.

"देवाची झाडं होती ती, सुनील."

"देव तिथंच आहे ना? त्याला कुणी हात लावला?"

मी त्याला सांगितलं की वाडीच्या गावकीत मी सगळं बोलणार आहे. तो चिडला नाही. शांतपणे म्हणाला, जरूर बोल, पण पूर्ण बोल. वाट कुणी दाखवली, गाडी कुणी बांधली, तेही सांग. मी त्याला एकच विचारलं. पहिल्या दिवसापासून हेच डोक्यात होतं का?

तो दाराच्या खांबाला टेकला. खरंच आठवत असल्यासारखा.

"गाडी मला आवडते रे. ते खोटं नव्हतं." मग पाट्यांकडे बघत म्हणाला, "तुला आधी सांगितलं असतं, तर तू एवढं मन लावून केलं नसतंस."

एवढ्या वर्षांत मला पुष्कळ लोकांनी पुष्कळ बोल लावले असतील. पण हे वाक्य कुठेच बसत नाही, कुठेच मुरत नाही. ते शिवी नाही, ते जवळजवळ कौतुक आहे. माझ्यातलं जे चांगलं होतं तेवढंच त्याने ओळखलं, आणि तेच वापरलं.

मी गाडी पुन्हा जोडणार नाही म्हणालो. दुपारी तो महाडहून दुसरा मेकॅनिक घेऊन आला आणि त्या माणसाने माझ्याच अंगणात बसून माझे पाटे परत चढवले. मी आत स्टुलावर बसून पान्यांचा आवाज ऐकत होतो. त्या मेकॅनिकला खालच्या पाट्याची युक्ती कळली तेव्हा तो "च्यायला" म्हणाला, कौतुकाने. संध्याकाळच्या आत गाडी गेली.

गावकी देवळासमोर बसली. मी उभं राहून पहिल्यापासून सांगितलं, ताकाच्या तांब्यापासून डिकीतल्या ढलप्यांपर्यंत. धाकूकाकाला यातलं काहीही माहीत नव्हतं, हे दोनदा सांगितलं. सगळे ऐकून घेत होते. शेवटी एक म्हातारा बोलला, "म्हंजे चोराला घोडं तू दिलंस."

काकाने रान विकलं नाही हे वाडीने मान्य केलं. पण देवाचा नारळ त्या वर्षापासून दुसऱ्या घराकडे गेला. वाट या घरातून फुटली, असं ठरलं. पुढे जंगलखात्याकडे अर्जही दिला, त्यातून काही निघालं नाही. लाकूड केव्हाच घाटापलीकडे गेलं होतं, गाडी रिकामी होती, आणि रिकामी गाडी मागून अगदी साधी दिसायची. ती तशीच दिसावी म्हणून मी तीन आठवडे खपलो होतो.

गावकी उठल्यावर काका मला उताराच्या वाटेपर्यंत सोडायला आला. बोलेल असं वाटलं नव्हतं. रानाच्या कडेशी आल्यावर तो थांबला.

"तुला ती गाडी लय आवडली व्हती, नाय?"

"हो."

"मग तुला दिसनार कसं," तो म्हणाला, आणि वळून वर गेला.

त्याने मला माफ केलं की दोष दिला, हे मी त्याला कधी विचारलं नाही. तो पुढे बरीच वर्षं जगला. मी जात होतो, तो घोंगडी अंथरत होता, म्हशींबद्दल, पावसाबद्दल बोलत होता. वाडी त्याच्याशी पुन्हा बोलायला लागली. पण नारळाच्या दिवशी तो सकाळीच म्हशी घेऊन पलीकडच्या डोंगराच्या सोंडेवर जायचा आणि दिवस मावळल्यावर परतायचा.

माझ्यात काय बदललं, तर एवढंच की आता कुणी पाटे वाढवायला आला की मी आधी विचारतो, गाडीत काय न्यायचंय? लोक हसतात. सिमेंट, म्हणतात, आंब्याच्या पेट्या, म्हणतात, सासुरवाडीची माणसं, म्हणतात. मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहतो. मित्र म्हणावा असा माणूस त्यानंतर मला भेटला नाही. कुणी डबा पुढे सरकवला तर मी एकच घास घेतो.

सुनीलचं पुढे चांगलं चाललं असं कानावर यायचं. मी चौकशी केली नाही.

ती गाडी मात्र एकदा दिसली. तेव्हा त्या सगळ्याला चार-पाच वर्षं झाली असतील, हेच दिवस, भातं पिवळी. आंबेनळीत एका गिऱ्हाइकाची जीप बंद पडली होती आणि मी रस्त्याच्या कडेला तिच्या चाकाशी बसलो होतो. वरून टायरांचा आवाज आला. मी मान वर करायच्या आधीच मला कळलं होतं. पांढरा रंग थोडा पिवळटला होता. आत कोण होतं ते दिसलं नाही. बऱ्याच वेगात ती वळणाला आली आणि जराही न कलता, दोरीवरून सरकावी तशी वळून खाली निघून गेली. मागून भरलेली होती की रिकामी, हे माझ्यासारख्या माणसालाही सांगता आलं नाही.

राग आला. पण त्याच्या आधी, डोळ्याचं पातं लवायच्या आत, मला आनंद झाला होता. काय सुरेख बसलीय गाडी, असं मनात आलं होतं. आनंद आधी झाला, हे मी धाकूकाकाला कधी सांगितलं नाही. आता सांगायला तो नाही.